सार्वमत हरले, आता नेत्याने काय करावे?

स्कॉटलंडच्या स्वातंत्र्यासाठी आयुष्य वेचलेले अ‍ॅलेक्स सॅमंड १२ ऑक्टोबर २०२४ रोजी उत्तर मॅसेडोनियातील ओह्रिड येथे हृदयविकाराच्या झटक्याने वारले. त्या वेळी या सदरात त्यांच्याविषयी चार ओळी लिहिल्या होत्या आणि शेवटी एक प्रश्न वाचकांपुढे ठेवला होता : ज्या मागणीपायी नेत्याने हयात घालवली, ती मागणी त्याच्याच लोकांनी मत देऊन नाकारली, तर त्या नेत्याने पुढे काय करावे? त्यावर आलेल्या पत्रांपैकी निम्म्याहून अधिक पत्रे सोलापूर शहर आणि जिल्ह्यातली आहेत, याचे मला नवल वाटले नाही. मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू या चारही भाषा एकाच पेठेत कानावर पडणाऱ्या आपल्या गावाला ‘आपण कोणाचे’ हा प्रश्न केवळ पुस्तकातला वाटत नाही. पत्रलेखकांची नावे त्यांच्या इच्छेनुसार छापलेली नाहीत.

प्रश्न : २०१४ च्या मे महिन्यात सोलापूरकरांनी देशाचे विद्यमान गृहमंत्री सुशीलकुमार शिंदे यांना लोकसभेला पाडले. तरी ते २०१९ मध्ये पुन्हा उभे राहिले. त्याच २०१४ च्या सप्टेंबरात सॅमंड सार्वमत हरले आणि दुसऱ्याच दिवशी त्यांनी पद सोडण्याची घोषणा केली. त्यांची खुर्ची तर पणाला लागलेली नव्हती. मग ही घाई कशासाठी? (निवृत्त शिक्षिका, होटगी रस्ता)

उत्तर : बाई, आपण हे दोन पराभव शेजारी शेजारी ठेवलेत ते फार बरे केलेत, कारण त्यांतला फरकच या विषयाच्या मुळाशी आहे. मतदारसंघात माणूस हरतो. त्याचा पक्ष, त्याची भूमिका आणि त्याने केलेले काम शाबूत राहते, आणि पुढच्या निवडणुकीची वेळ जवळपास ठरलेली असते. शिंदे २०१९ मध्येही हरले, परंतु २०२४ मध्ये त्याच मतदारसंघातून त्यांच्या कन्या प्रणिती शिंदे निवडून आल्या. सार्वमतात प्रश्न हरतो, आणि हरलेल्या प्रश्नाला पुढची तारीख नसते. अशी संधी एका पिढीत एकदाच येते, असे प्रचारात स्वतः सॅमंड यांनीच सांगितले होते, त्यामुळे निकालानंतर ‘पुढच्या वर्षी बघू’ असे म्हणण्याची सोय त्यांनी आधीच घालवलेली होती.

कायद्याच्या दृष्टीने त्यांना जाण्याचे काहीच कारण नव्हते, हे आपले म्हणणे खरे आहे. २०११ च्या निवडणुकीत त्यांच्या स्कॉटिश नॅशनल पक्षाने १२९ पैकी ६९ जागा जिंकल्या होत्या आणि पुढची निवडणूक २०१६ मध्ये व्हायची होती. म्हणजे आणखी दीड वर्ष ते प्रथम मंत्री (तिकडे मुख्यमंत्र्याला असे म्हणतात) म्हणून राहू शकत होते. १८ सप्टेंबरला मतदान झाले. ते ८४.६ टक्के, आणि सोळा-सतरा वर्षांच्या मुलामुलींनाही मताचा हक्क दिलेला होता. ‘स्कॉटलंड स्वतंत्र देश असावा काय’ या एका ओळीच्या प्रश्नावर १६,१७,९८९ जणांनी ‘हो’ म्हटले आणि २०,०१,९२६ जणांनी ‘नाही’ म्हटले. निकाल स्पष्ट झाला तेव्हा आपल्याकडे १९ तारखेची सकाळ चांगली वर आलेली होती. त्या दिवसाचे एक छायाचित्र माझ्या मनातून गेलेले नाही : गाडीच्या मागच्या आसनावर एकटे बसलेले सॅमंड, मान खाली, चेहऱ्यावर बाहेरचा थोडासा उजेड. त्याच दिवशी दुपारी एडिंबरातील बूट हाऊस या आपल्या सरकारी निवासस्थानी पत्रकारांना बोलावून त्यांनी सांगितले, की नेता म्हणून आपला काळ संपत आला आहे, चळवळीचा मात्र संपलेला नाही.

त्यांनी असे का केले, याविषयी माझे मत मी येथे मांडतो. मतदानाच्या दोन दिवस आधी ब्रिटनच्या तिन्ही मोठ्या पक्षांच्या नेत्यांनी, म्हणजे कॅमेरून, मिलिबँड आणि क्लेग यांनी, स्कॉटलंडला जादा अधिकार देण्याची लेखी ग्वाही वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर दिली होती. सार्वमतानंतर खरे काम राहिले होते ते ही ग्वाही पदरात पाडून घेण्याचे. हरलेल्या माणसाने वसुलीला जाऊ नये, हे आपल्याकडच्या कोणत्याही पेढीवाल्याला ठाऊक असते. त्यातून प्रचारातील सर्वांत अवघड प्रश्न थेट सॅमंड यांच्या नावाशी जोडला गेला होता : स्वतंत्र झाल्यावर चलन कोणते? पौंड वाटून घेऊ देणार नाही, असे ब्रिटनचे अर्थमंत्री जॉर्ज ऑस्बोर्न यांनी फेब्रुवारी २०१४ मध्येच बजावले होते. ५ ऑगस्टला दूरचित्रवाणीवर झालेल्या वादात ‘नाही’च्या प्रचाराचे प्रमुख अ‍ॅलिस्टर डार्लिंग यांनी ‘मग तुमचा दुसरा बेत कोणता’ हे पुन्हा पुन्हा विचारले आणि सॅमंड यांना त्याचे सरळ उत्तर देता आले नाही. दुसऱ्या वादात ते पुष्कळ सावरले, परंतु पेन्शनवर जगणाऱ्या घरांतून तो प्रश्न शेवटपर्यंत हलला नाही. आणि निकोला स्टर्जन दहा वर्षे उपनेत्या म्हणून तयार झालेल्या होत्या. त्यांच्याविरुद्ध पक्षात कोणी उभेसुद्धा राहिले नाही. १४ नोव्हेंबरला त्या पक्षाच्या नेत्या झाल्या आणि २० तारखेला पहिल्या महिला प्रथम मंत्री.

एवढ्यापुरते पाहिले तर सॅमंड यांचा निर्णय मला पूर्णपणे योग्य वाटतो. माझे दुःख त्यापुढचे आहे. त्यांनी पद सोडले, परंतु जागा सोडली नाही. वर्षही उलटायच्या आत ते गॉर्डन मतदारसंघातून खासदार झाले, २०१७ मध्ये तेथे पडले, त्याच वर्षी रशियाच्या सरकारी वाहिनीवर त्यांचा कार्यक्रम सुरू झाला आणि जुने सहकारीही त्यामुळे अस्वस्थ झाले. २०१८ मध्ये त्यांच्यावर लैंगिक गैरवर्तनाचे आरोप झाले आणि त्यांनी पक्ष सोडला. सरकारने केलेल्या चौकशीची पद्धत बेकायदा होती, असा निर्णय जानेवारी २०१९ मध्ये न्यायालयात त्यांच्या बाजूने लागला, आणि मार्च २०२० मध्ये फौजदारी खटल्यातील सर्व आरोपांतूनही ते सुटले. तोवर स्टर्जन आणि त्यांच्यातले नाते कायमचे तुटले होते. २०२१ मध्ये त्यांनी ‘अल्बा’ नावाचा निराळा पक्ष काढून निवडणूक लढवली; एकही जागा मिळाली नाही. याआधी २००० मध्ये ते एकदा पक्षाच्या नेतेपदावरून उतरले होते आणि २००४ मध्ये परत येऊन पक्षाला त्यांनी सत्तेपर्यंत नेले होते. एकदा परत येता आले म्हणून दुसऱ्यांदाही येता येईल, असे त्यांना वाटले असावे. परंतु पहिल्या वेळी खुर्ची रिकामीच झालेली होती; दुसऱ्या वेळी तीवर त्यांनीच घडवलेली वारसदार बसलेली होती.

प्रश्न : सार्वमत हरलेल्या पक्षाने आठच महिन्यांत स्कॉटलंडमधील ५९ पैकी ५६ खासदार निवडून आणले, असे वाचले. हरलेला पक्ष इतका जिंकतो कसा? (स्पर्धा परीक्षेचा विद्यार्थी, नवी पेठ)

उत्तर : हे गणित कागदावर मांडून पाहा, म्हणजे कोड्यासारखे वाटणार नाही. २०११ मध्ये ज्या मतांवर सॅमंड यांना बहुमत मिळाले, ती मते नऊ लाखांच्या आसपास होती. सार्वमतात त्यांच्या बाजूने पडली ती सोळा लाखांहून अधिक. म्हणजे ज्या रात्री ते हरले, त्या रात्री त्यांच्या मागे पूर्वी कधी नव्हते इतके लोक उभे होते. आता मतदारसंघाच्या निवडणुकीत ज्याला सर्वांत जास्त मते तो विजयी, ही ब्रिटनची पद्धत आपल्याकडेही आहे. सार्वमतात ‘नाही’ म्हणणारे ५५ टक्के लोक मजूर, हुजूर आणि उदारमतवादी लोकशाहीवादी या तीन पक्षांत वाटले जातात, आणि ‘हो’ म्हणणारे ४५ टक्के जवळजवळ एकगठ्ठा एकाच खोक्यात पडतात. मे २०१५ मध्ये स्कॉटिश नॅशनल पक्षाला सुमारे साडेचौदा लाख, म्हणजे निम्मी मते मिळाली आणि उरलेल्या तिन्ही पक्षांच्या वाट्याला प्रत्येकी एकच खासदार आला. मजूर पक्षाचे २०१० मध्ये तेथे ४१ खासदार होते, हे ध्यानात घ्या. ग्लासगोसारख्या कामगारांच्या शहराने, जिथे सार्वमतात ‘हो’ची बाजू जिंकली होती, सातही जागा राष्ट्रवाद्यांना दिल्या.

यात प्रतिपक्षाच्या चुकांचाही मोठा वाटा आहे. निकाल लागल्याच्या सकाळीच पंतप्रधान कॅमेरून यांनी स्कॉटलंडला द्यायच्या अधिकारांबरोबर ‘इंग्लंडच्या कायद्यांवर इंग्लंडच्याच खासदारांचे मत’ हा विषय काढला. तीन दिवसांपूर्वी दिलेल्या शब्दाला लगेच अट लागली, असे पुष्कळ स्कॉटिश लोकांना वाटले. मजूर पक्ष तर प्रचारात हुजूर पक्षाच्या मांडीला मांडी लावून बसला होता, आणि त्याच्या जुन्या मतदारांनी ते विसरायला नकार दिला. पराभवानंतर सहा महिन्यांत सॅमंड यांच्या पक्षाची सभासदसंख्या पंचवीस हजारांच्या घरातून एक लाखाच्या वर गेली. परीक्षेत उत्तर लिहिताना एवढे मात्र स्पष्ट लिहा, की हा फायदा चळवळीला झाला. ज्या नेत्याने ती सोळा लाख मते गोळा केली, त्याला त्यातून काय मिळाले ते वरच्या उत्तरात आलेच आहे.

प्रश्न : पराभवाच्या रात्री नेत्याच्या तोंडून निघालेले शब्द त्याचे भवितव्य ठरवतात, असे मला न्यायालयातील अनुभवावरून वाटते. सार्वमतांच्या बाबतीत ते खरे आहे काय? (वकील, सात रस्ता)

उत्तर : वकीलसाहेब, कॅनडातील क्वेबेक या फ्रेंचभाषक प्रांताने यासाठी दोन दाखले देऊन ठेवले आहेत. २० मे १९८० रोजी क्वेबेकच्या सार्वभौमत्वावरच्या सार्वमतात प्रांताचे तेव्हाचे प्रमुख रेने लेव्हेक यांची बाजू सडकून हरली. ‘नाही’ची मते साडेएकोणसाठ टक्के होती. मॉन्ट्रियलच्या पॉल सोव्हे सभागृहात रडणाऱ्या, टाळ्या वाजवणाऱ्या कार्यकर्त्यांसमोर ठेंगणे, विस्कटलेल्या केसांचे लेव्हेक उभे राहिले. लोक त्यांना बोलूच देईनात. अखेर ते म्हणाले, की तुमचे म्हणणे मला नीट समजले असेल, तर तुम्ही मला सांगत आहात : पुन्हा भेटू, पुढच्या वेळी. त्यांनी कोणाला दोष दिला नाही, आणि निकालही नाकारला नाही. पुढच्याच एप्रिलमध्ये त्याच मतदारांनी १२२ पैकी ८० जागा देऊन त्यांना पुन्हा सत्तेवर बसवले.

पंधरा वर्षांनी, ३० ऑक्टोबर १९९५ रोजी, दुसऱ्या सार्वमतात तेव्हाचे प्रांतप्रमुख जाक पारिझो केवळ ५४,२८८ मतांनी हरले. मतदान ९३ टक्क्यांहून अधिक झाले होते आणि ‘हो’ची मते ४९.४२ टक्के होती. इतक्या थोडक्यात हुकलेल्या नेत्यापुढे खरे तर सारे मैदान मोकळे असायला हवे होते. परंतु त्या रात्री व्यासपीठावरून ते बोलून गेले, की आपल्याला पैशाने आणि परकीय वंशाच्या मतांनी हरवले. ज्यांना त्यांनी उद्या त्या देशाचे नागरिक म्हणून वागवायचे होते, त्यांनाच आज बाहेरचे ठरवले. दुसऱ्या दिवशी त्यांनी पद सोडण्याची घोषणा केली आणि जानेवारी १९९६ मध्ये लुसियाँ बुशार प्रांताचे प्रमुख झाले. पारिझो मोठे अर्थतज्ज्ञ होते, परंतु त्यांचे नाव निघाले की आजही त्यांच्या अर्थकारणाच्या आधी ते एक वाक्य आठवले जाते.

तरीही सगळे श्रेय शब्दांना देता येणार नाही. लेव्हेक यांच्या सरकारने १९७७ चा फ्रेंच भाषेचा कायदा केला होता, वाहनविम्याची व्यवस्था लावली होती. लोकांना तो कारभार पसंत होता. आणि सत्ता परत मिळाली तरी वाटाघाटीतली पत परत मिळाली नाही. नोव्हेंबर १९८१ मध्ये राज्यघटनेवर चर्चा चालू असताना उरलेल्या नऊ प्रांतांनी एका रात्रीत केंद्राशी जुळवून घेतले, लेव्हेक यांना ते सकाळी कळले, आणि १९८२ मध्ये कॅनडाची घटना क्वेबेकच्या संमतीवाचून अमलात आली. हरलेल्या माणसाने वसुलीला जाऊ नये, असे जे मी वर म्हटले, ते लेव्हेक यांच्याकडे पाहून.

प्रश्न : आपल्या देशात असे कधी घडले आहे काय? लहानपणी गोव्याच्या कौलाविषयी वडीलमंडळी बोलत, एवढे आठवते. (निवृत्त रेल्वे कर्मचारी, रामवाडी)

उत्तर : काका, आपली आठवण अगदी बरोबर आहे, आणि मला तर या विषयावरचे सर्वांत बोलके उदाहरण तेच वाटते. तेथे प्रश्न स्वातंत्र्याचा नव्हता, विलीनीकरणाचा होता : गोव्याने महाराष्ट्रात यावे की केंद्रशासित प्रदेश म्हणून वेगळे राहावे? विलीनीकरणाच्या मागणीवरच दयानंद बांदोडकर, म्हणजे भाऊसाहेब, आणि त्यांचा महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष १९६३ च्या निवडणुकीत सत्तेवर आला होता. विरुद्ध बाजूला डॉ. जॅक सिक्वेरा यांचा युनायटेड गोवन्स पक्ष होता. कौल निःपक्षपाती व्हावा म्हणून बांदोडकरांचे सरकार आधी पायउतार व्हावे, अशी विरोधकांची मागणी होती, आणि ३ डिसेंबर १९६६ रोजी त्यांनी राजीनामा दिला. सॅमंड यांनी हरल्यानंतर पद सोडले; भाऊसाहेबांनी ते कौलाच्या आधीच सोडले होते.

१६ जानेवारी १९६७ रोजी मतदान झाले. त्या दिवसांत आपल्याकडे सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा ऐन भरात असते, नंदीध्वज मिरवलेले असतात, आणि तिकडे गोव्यात लोक मतपत्रिकेवरच्या दोन चिन्हांपुढे उभे होते. महाराष्ट्रात जायचे असेल तर फूल, वेगळे राहायचे असेल तर दोन पाने. फुलाला १,३८,१७० मते पडली, दोन पानांना १,७२,१९१. म्हणजे ३४,०२१ मतांनी विलीनीकरण हरले. महाराष्ट्रातल्या किती घरांतून त्या दिवशी हळहळ व्यक्त झाली असेल, हे आपल्यासारख्यांना मी सांगायला नको. ज्या एका मागणीवर पक्ष जन्मला, तीच गेली. आता बांदोडकर संपले, असे कोणीही म्हटले असते.

दोनच महिन्यांनी, मार्च १९६७ मध्ये, विधानसभेची निवडणूक झाली, आणि ३० पैकी १६ जागा जिंकून बांदोडकर पुन्हा मुख्यमंत्री झाले. १९७२ मध्ये १८ जागा मिळवून तिसऱ्यांदा झाले, आणि १२ ऑगस्ट १९७३ रोजी निधन होईपर्यंत त्या पदावर राहिले. त्यानंतर त्यांच्या कन्या शशिकला काकोडकर मुख्यमंत्री झाल्या. आणि ज्यांनी कौल जिंकला, ते सिक्वेरा? ते मुख्यमंत्री कधीच झाले नाहीत. जनमत जिंकलेला नेता विरोधी बाकांवर आणि हरलेला नेता मुख्यमंत्र्याच्या खुर्चीत, असे दृश्य गोव्याच्या विधानसभेने त्या वर्षी पाहिले.

याचा अर्थ गोव्याचा मतदार गोंधळलेला होता, असे मी मानत नाही. त्याला दोन निरनिराळे प्रश्न विचारले गेले आणि त्याने दोन निरनिराळी उत्तरे दिली. महाराष्ट्रात जायचे नाही, असे ठरवणाऱ्यांतच अशी माणसे होती, ज्यांना भाटकाराच्या, म्हणजे जमीनदाराच्या, जमिनीवर राबणाऱ्या कुळांच्या बाजूने बोलणारे आणि खेडोपाडी शाळा काढणारे हेच सरकार हवे होते. बहुजन समाजाचा आपला मुख्यमंत्री, हे बांदोडकरांचे नाते विलीनीकरणाच्या मागणीहून खोल गेलेले होते. कौलानंतर त्यांनी तो निर्णय मान्य करून कारभार केला. कौल उलट लागला असता तर बहुधा ते मुख्यमंत्रीही राहिले नसते, कारण गोवा मग महाराष्ट्राचा एक जिल्हा झाला असता. हा विचार माझ्या मनात नेहमी येतो. ज्या पराभवाने त्यांना दुःख झाले, त्यानेच त्यांचे राज्य टिकवले. ३० मे १९८७ रोजी गोवा स्वतंत्र घटकराज्य झाले.

एका गोष्टीचा सल मात्र लपवत नाही. गोव्याला निदान विचारले गेले. बेळगाव-निपाणीच्या, आणि आपल्या अक्कलकोटपलीकडच्या सीमाभागातल्या माणसाला कधीही असे फूल-पान दाखवून विचारले गेले नाही. तेथे आयोग आले, अहवाल आले, मतपेटी आली नाही.

प्रश्न : १२ जानेवारी १९३१ रोजी मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा हे सोलापूरचे चार सुपुत्र येरवड्याच्या तुरुंगात फासावर गेले. त्यांना कोणी मत विचारले नव्हते. चिठ्ठी टाकून ठरणाऱ्या स्वातंत्र्याला किंमत ती काय? (एक ज्येष्ठ वाचक, बाळीवेस)

उत्तर : आपल्या पत्रातील भावनेपुढे मी नम्र आहे. परंतु हुतात्म्यांना मत विचारले गेले नाही, हीच तर त्या राजवटीविरुद्धची सर्वांत मोठी तक्रार होती. १९३० च्या मे महिन्यात सोलापूरने आपले म्हणणे रस्त्यावर मांडले, आणि उत्तर म्हणून लष्करी कायदा आला. मतपेटी जिथे असते तिथे हरलेला नेता रात्री आपल्या घरी झोपतो. ती किंमत लहान नाही.

त्यासाठी दोन्ही बाजूंनी आधी सही करावी लागते. १५ ऑक्टोबर २०१२ रोजी कॅमेरून आणि सॅमंड यांनी एडिंबरा येथे करार करून सार्वमताचा निकाल मानण्याचे कबूल केले होते. असा करार नसला म्हणजे काय होते, ते स्पेनमधील कॅटलोनियाने दाखवले. तेथील सरकारने १ ऑक्टोबर २०१७ रोजी न्यायालयाची मनाई असताना सार्वमत घेतले. प्रमुख कार्लेस पुजदेमाँ बेल्जियमला निघून गेले आणि २०१९ मध्ये नऊ नेत्यांना नऊ ते तेरा वर्षांच्या कैदेच्या शिक्षा झाल्या; २०२१ मध्ये सरकारने त्यांना माफी देऊन सोडले. तिथे मोजलेल्या मतांत ‘हो’ची बाजू प्रचंड बहुमताने जिंकली होती. जिंकून परागंदा झालेला एक नेता आणि हरून घरी गेलेला एक नेता यांच्यात फरक पडला तो त्या एका सहीमुळे. पुढे स्टर्जन यांनी दुसरे सार्वमत मागितले, तेव्हा लंडनच्या संमतीवाचून स्कॉटलंडच्या संसदेला ते घेता येणार नाही, असा निर्णय ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने २३ नोव्हेंबर २०२२ रोजी एकमताने दिला. ती सही दुसऱ्यांदा मिळाली नाही.

प्रश्न : आमची यंत्रमागधारकांची लहानशी सहकारी संस्था एका मोठ्या संघाला जोडलेली आहे. संघातून बाहेर पडून स्वतंत्र व्हावे, असा ठराव मी अध्यक्ष म्हणून मांडला. विशेष सर्वसाधारण सभेत स्टीलच्या डब्यात चिठ्ठ्या टाकून मतदान झाले आणि ठराव सोळा मतांनी पडला. सभासद म्हणतात, तुम्हीच राहा. सॅमंड यांच्याविषयी वाचल्यापासून मला झोप नाही. चिठ्ठ्यांचा तो डबा माझ्या घरच्या कपाटात आहे. मी राजीनामा द्यावा काय? (एक अध्यक्ष, अक्कलकोट रस्ता)

उत्तर : अध्यक्षसाहेब, आपले पत्र मी तीनदा वाचले. सोळा मतांचा पराभव सोळा लाख मते मिळवूनही झालेल्या पराभवाइतकाच झोप उडवू शकतो, यात मला शंका नाही, आणि आपण हा प्रश्न स्वतःला विचारता आहात याबद्दल मला आपल्याविषयी आदर वाटतो.

ठराव पडल्यापासून सभासद आपल्याकडे कशासाठी येतात, ते पाहा. सुताचा भाव चढला, विजेचे बिल थकले, टॉवेलच्या गठ्ठ्यांची उचल लांबली, म्हणून ते पूर्वीसारखेच सकाळी दारात येत असतील, तर त्यांनी आपला ठराव नाकारला आहे, आपल्याला नाही. बांदोडकरांना गोव्याने हेच सांगितले होते. अशा वेळी राजीनामा देणे म्हणजे न विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर देणे होय. मात्र मतदानाच्या आधी संघाने काही सवलती कबूल केल्या असतील, आणि आपल्या संस्थेत तसे घडलेच असेल असे मी धरून चालतो, तर त्या सवलतींची बोलणी करायला आपण स्वतः जाऊ नका. संघाचे लोक आपल्याशी हसून बोलतील आणि हातावर काही ठेवणार नाहीत. त्या कामाला उपाध्यक्षांना पाठवा, त्यांनी आणलेले श्रेय त्यांचेच राहू द्या, आणि पुढच्या निवडणुकीत त्यांना अध्यक्ष व्हायचे असेल तर मनापासून होऊ द्या. तसे झाल्यावर दर आठवड्याला कार्यालयात जाऊन बसू नका. सॅमंड यांना हे जमले नाही.

आता त्या डब्याविषयी. चिठ्ठ्यांवर सभासदांनी स्वतःच्या हाताने ‘हो’ किंवा ‘नाही’ लिहिले असेल, आणि वर्षानुवर्षे पावत्यांवर, हजेरीपत्रकावर पाहिलेली ती अक्षरे आपण ओळखता. कोण कोण उलटले ते शोधण्याचा मोह रात्री अकराच्या पुढे फार होतो. परंतु एकदा ती नावे कळली, की आपल्या संस्थेत आपले आणि परके असे दोन कप्पे पडतील, आणि पारिझो यांच्या तोंडून निघाले तसे एखादे वाक्य आपल्याही तोंडून केव्हातरी निघेल. उद्या सकाळी डबा न उघडता कार्यालयात न्या, दोन सभासदांसमोर त्याला लाख लावून संस्थेच्या कपाटात ठेवा, आणि कपाटाची किल्ली सचिवांच्या स्वाधीन करा.